फिनेलमावशी

शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काम करणाऱ्या या बाईंचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. पोरं त्यांना फिनेलमावशी म्हणत. मावशींना त्याचा राग नव्हता, उलट थोडा माजच होता. कुणी मोठं माणूस येणार म्हटलं की त्या बादलीत एकाऐवजी तीन झाकणं फिनेल ओतत आणि फरशी अशी पुसत की माशीनंही बसताना दोनदा विचार करावा. चंबू, नळ्या, तराजू, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. पण एवढ्या वर्षांत एकही प्रयोग त्यांनी केला नव्हता. धुवायचं यांनी, करायचं दुसऱ्यांनी.

दहावीत एक मुलगी होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. एकदा ऐकलेलं ती पानच्या पान म्हणून दाखवी, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत. तिला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं आणि विज्ञानाचे सर नको म्हणत होते. सर वाईट नव्हते हो. मागं त्यांच्या तासाला एका मुलाच्या हातावर ॲसिड सांडलं होतं, तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत.

"अगं, चंबूतला रंग बदलला हे तुला कळणार कसं?" ते म्हणाले. "तुझा आवाज छान आहे. गाणं शीक."

"मला गाण्यातलं काही कळत नाही, सर. आणि रंगाचं म्हणाल, तर तुम्हीच वर्गात वाचलं होतंत. कांद्याचा वास सोड्याच्या पाण्यात दबतो, ॲसिडनं सोड्याचा जोर संपला की परत येतो. तुम्ही 'हे परीक्षेला नाही' म्हणालात आणि पान उलटलंत."

सर तरीही तयार होईनात. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, निकाल दिला. शुक्रवारी अकरा वाजता दोघांनी एकच प्रयोग करायचा. सोड्याचा जोर संपायला किती ॲसिड लागलं, ते सर रंग बघून सांगतील, रेडिओ वास घेऊन. संधी एकच. "एका खुणेपेक्षा जास्त फरक पडला तर कला शाखेचा अर्ज भरायचा. परत वाद नको."

खुणा मावशींच्या होत्या. सिरिंजच्या दांड्यावर त्यांनी कानशीनं एकसारख्या खाचा पाडल्या होत्या. अंगठ्याच्या नखाला एक खाच लागली की तेवढंच ॲसिड चंबूत पडे. दोन आठवडे दोघींनी सामानाच्या खोलीत सराव केला. एकदा मावशींनीही डोळे मिटून करून पाहिलं, आणि चंबूतून कांद्याचा वास वर आला तेव्हा त्या केवढ्यानं तरी ओरडल्या. रेडिओ हसून हसून बेजार झाली.

शुक्रवारी मावशी सातलाच आल्या. मोठ्या बाई येणार, पोरीचा दिवस, म्हणून त्यांनी फरशी दोनदा पुसली, टेबलं पुसली, दाराच्या कड्यासुद्धा पुसल्या. रस काढताना हाताला लागलेला कांद्याचा वास जावा म्हणून हातही फिनेलच्या पाण्यानं चोळून घेतले. अकराला सगळे जमले. सरांनी त्याच सिरिंजनं आपला प्रयोग उरकला, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि घडी घालून ती बाईंकडे दिली. मग रेडिओनं सिरिंज धरली. एक खाच, हुंगणं. दुसरी खाच, हुंगणं. आठव्या खाचेला ती थांबली. चंबू नाकाजवळ नेला, लांब केला, परत जवळ आणला.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मावशींनी कधी ऐकला नव्हता.

सरांनी पेन खिशाला लावलं. "झालं तर मग."

दाराशी उभ्या असलेल्या मावशींना तेव्हा कुठं वास जाणवला. खोलीभर फिनेलच फिनेल होतं. कांदा बिचारा त्यात काय डोकं वर काढणार! आपल्याच हातानं आपण पोरीच्या वाटेत धोंडा टाकला. बोलावं तर सव्वीस वर्षांत त्या या खोलीत 'हो सर' पलीकडे बोलल्या नव्हत्या.

"बाई, चूक माझी आहे," त्या बोलल्याच. "मी फिनेल ओतलंय, तीन-तीन झाकणं. या वासात तुम्हाला तरी कांदा कळेल का? तिला बाहेर करू द्या."

"संधी एकच ठरली होती," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी एकदा खोल श्वास घेतला आणि त्यांना शिंक आली. "चंबू तोच, सिरिंज तीच, आठच्या पुढं मोजायचं," त्या नाक पुसत म्हणाल्या. "फक्त जागा बदला. जिन्यावर चला."

जिन्यावर वारा होता. मावशी चंबू धरून रेडिओजवळ उभ्या राहिल्या, तर ती हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही जा ना लांब. तुमच्या हातांना येतोय वास."

मावशींना लागलं, फार लागलं. पण त्यांनी चंबू पायरीवर ठेवला आणि मुकाट्यानं खाली अंगणात गेल्या. तिथून वरचं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. रेडिओ खाचा मोठ्यानं मोजत होती, मावशींसाठीच बहुतेक. नऊ. दहा. अकरा. मावशी साडीच्या पदराला हात पुसत होत्या, पुसत होत्या. चौदाला ती थांबली. "आला का?" सरांचा आवाज. "नाही सर. आल्यासारखा वाटला." पंधरा. सोळा. सतरा.

"आला! कांदा आला! सतरा!"

वर चिठ्ठीचा कागद उलगडल्याचा आवाज काही अंगणात येत नाही. मावशी मान वर करून नुसत्या उभ्या राहिल्या. मग जिन्याच्या खिडकीतून मोठ्या बाईंचं डोकं बाहेर आलं.

"मावशी, सरांचे अठरा आहेत," त्या म्हणाल्या. "आणि ऐका, जूनपासून अकरावीचा प्रयोग असेल त्या दिवशी फिनेल बंद. नुसत्या पाण्यानं पुसायचं."

"हो बाई," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते, आणि कांदा तर वरच्या पायरीवर होता.