माव्याचे राखणदार

बायकोच्या माहेरचा वाल म्हणजे आमच्या नंदनवन वस्तीतल्या घरातला सगळ्यात मानाचा पाहुणा. उमरेडला सासूबाई दरवर्षी त्याचं बी राखेत घोळून ठेवायच्या. त्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मडक्याच्या तळाशी उरलेलं मूठभर बी बायकोनं आणलं आणि सगळंच्या सगळं कुंपणाशी लावून टाकलं. शेंगा वेलीवर धड वाळल्या तरच ते वाण पुढं चालणार होतं.

जांभळी फुलं आली, तशा काळ्या मुंग्याही आल्या. मुंग्यांना साखर घालायची आमच्या घरची रीत. पुण्य तर हवंच, शिवाय मुंग्या कीड खातात असा माझा दांडगा अभ्यास होता. तो कुठं केला, हे विचारू नका. वेलीच्या बुडाशी मी रोज चिमूटभर साखर टाकू लागलो. पानांवर मगरीच्या पिल्लांसारख्या काळपट अळ्या फिरत होत्या, त्या काडीनं वेचून चिरडल्या आणि संध्याकाळी बायकोला पराक्रम सांगितला.

मग शेंड्यांवर मावा दिसला, वेलीचा रस शोषणारी कीड. काळा, दाट, तीळ चिकटवल्यासारखा. मुंग्या त्याच्यावरून हिंडत होत्या, खात मात्र नव्हत्या. मी चष्मा पुसून उकिडवा बसलो. एका मुंगीनं मिशांनी माव्याची पाठ थोपटली, त्यानं गोड थेंब सोडला, तिनं तो पिऊन टाकला. म्हणजे या गवळणी आणि मावा ही त्यांची गुरं. ठिपक्यांचा एक लाल किडा मावा खायला उतरला, तर चौघींनी मिळून त्याला हुसकून लावलं. शेजारच्या मास्तरांनी हसत हसत सांगितलं, की मी चिरडल्या त्या ह्याच किड्याच्या अळ्या.

साखर बंद केली. मुंग्यांना तिची गरजच उरली नव्हती. साबणाचं पाणी मारलं. मावा थोडा गेला, फुलं सगळी गेली.

"काय करून राहिले जी?" बायकोनं मागून विचारलं.

"वाचवून राहिलो."

"कोणाले?"



त्याआधीच धरलेली, कशीबशी टिकलेली एकच शेंग वाळल्यावर तिनं सोलली. आत दाणे भरलेच नव्हते, नुसत्या सुरकुतलेल्या टिकल्या. ती टरफल हातात धरून पायरीवर बसली.

"उपटू का वेल?"

"राहू द्या जी. आईच्या घरची हाये."

म्हणून मी पाणी घालत राहिलो. ते मुरतं न मुरतं तोच मुंग्यांची रांग वर चढायची, आणि मी रिकामी बादली धरून बघत राहायचो.