न समजण्याची नोकरी

धुळ्याच्या त्या मिशन कंपाउंडात मला नोकरी मिळाली, ती मी सातवीत शाळा सोडली होती म्हणून. दुसऱ्या कुठेही याच कारणासाठी मला दारातून परत पाठवलं असतं.

नवरा गेल्यावर मिरजेकडच्या आमच्या पाळकांनी इकडे चिठ्ठी लिहिली आणि मी एक ट्रंक घेऊन इतक्या लांब येऊन उतरले. इथून ईश्वरविज्ञानाचं एक त्रैमासिक निघायचं. अंकांची पाकिटं करायची, पत्ते चिकटवायचे, मंडळाच्या बैठकीला स्वयंपाक करायचा. त्याबद्दल पगार आणि कार्यालयामागची एक खोली. त्या खोलीसाठी मी आजही देवाचे आभार मानते. सासरचं दार बंद झालेलं, माहेरी भावजयांचं राज्य. त्यामुळे खोली आहे ना अजून, हे मी दिवसातून चारदा मागे वळून बघायचे.

खरं काम मात्र वेगळंच होतं. अंकातलं अक्षरही कळत नाही, अशी कुणा वर्गणीदाराने तक्रार केली होती. मंडळाने ठराव केला की प्रत्येक लेख छापण्याआधी एका सामान्य विश्वासणाऱ्याला वाचून दाखवावा आणि त्याला कळणार नाही ते सोपं करावं. सामान्य माणूस शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मी आत भाकऱ्याच थापत होते.

मंडळात तिघे. संपादक म्हणजे निवृत्त पाळकसाहेब. अंकाची पानं भरतील की नाही, या काळजीने त्यांचे केस गेले होते. भाषा तपासायला चाळीसगावचे गुरुजी, तेही निवृत्त मुख्याध्यापक. आणि जळगावचे डॉक्टर. आमच्या रखवालदार नानांनी पहिल्याच दिवशी त्यांना आपला दुखरा गुडघा दाखवला होता. डॉक्टरांनी तो पाहिला, मान हलवली आणि दुःखाच्या रहस्याविषयी दोन वाक्यं ऐकवली. नाना माझ्याकडे येऊन म्हणाले, "हाऊ कसाना डाक्टर शे, अक्का?"

बैठकीला डॉक्टर केळ्यांची फणी घेऊन यायचे. ती टेबलावर, मी दाराजवळच्या स्टुलावर. लेख वाचून झाला की विचारायचे, "समजलं?"

"'सत्ताशास्त्रीय मीमांसा' नाही समजलं, डॉक्टर."

त्यांचा चेहरा खुलायचा. "बघा," ते इतर दोघांना म्हणायचे, जणू मी त्यांचा सत्कारच केला. मग वाक्य तसंच ठेवून खाली बारीक अक्षरांत तळटीप टाकायची. तळटीप मला वाचून दाखवत नसत. ठरावात फक्त लेख म्हटलं होतं.

पण तीच वीस-पंचवीस वाक्यं दोन वर्षं कानांवर पडली की भिंतीलाही कळायला लागतात. तिसऱ्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी देहधारणेवर लेख वाचला आणि विचारलं, "समजलं?"

"समजलं की. लांबून सांगून कुणी ऐकेना, म्हणून देव स्वतः आला."

गुरुजींचं केळं तोंडाशी थांबलं.

"बारा पानं लिहिली आहेत मी," डॉक्टर म्हणाले.

"हो डॉक्टर. सगळी समजली."

"अहो, अशी कशी समजतील?" मग संपादकांकडे वळून म्हणाले, "ह्या बाई आता सामान्य राहिल्या नाहीत. दुसरं कुणी तरी बघा."

"त्यांच्या खोलीत नव्या बाईची सोय होईल," गुरुजींनी सुचवलं, स्वल्पविराम सुचवावा तसं.

"पुढच्या बैठकीपर्यंत पाहू," संपादक म्हणाले.

ते तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही. नानांनी फाटकापाशी विचारलं, "काय व्हयनं, अक्का?" मी सांगितलं. ते हसले. "समजनं नही, असं सांग. मी बठ्ठा साहेबस्ले तेच सांगस."

पुढच्या बैठकीला डॉक्टरांनी नवा लेख आणला. पहिल्या परिच्छेदालाच मी सावध झाले. दुसऱ्याला घाम फुटला. तिसऱ्यात रावेरहून निघालेला केळ्यांचा ट्रक आला, टायर फुटून रस्त्यात बसला आणि त्याचं ओझं हे मानवाच्या पापाचं ओझं ठरलं. हा ट्रक मी आले त्या वर्षीही असाच, याच वळणावर बसला होता. शीर्षक तेवढं नवं होतं. तेव्हा गुरुजींनी प्रत्येक 'परंतु' खोडून 'पण' केलं होतं. आता ते त्याच गांभीर्याने प्रत्येक 'पण' खोडून 'परंतु' करत होते.

जुने अंक डॉक्टरांच्या पाठीमागच्या कपाटात होते. मी उठून अंक काढून दिला असता, तर डॉक्टरांची शोभा झाली असती आणि मी सामान्य नाही यावर शिक्का बसला असता. तोही त्यांच्याच साक्षीने.

"समजलं?"

"नाही, डॉक्टर. फार खोल आहे."

"कुठे अडलं?"

"ट्रकपाशी."

डॉक्टर इतके प्रसन्न झाले की त्यांनी मला ट्रक अर्धा तास समजावून सांगितला. मी मधूनमधून डोक्यावरचा पदर सारखा करत होते. शेवटी ते म्हणाले, "दुसरं कुणी शोधायची घाई नको. ह्यांच्यात अजून बरंच शिल्लक आहे."

डॉक्टर आणि गुरुजी आपापल्या गाड्या गाठायला गेले. मी केळ्यांच्या साली गोळा करत होते. संपादक खुर्चीतून उठले नव्हते.

"बाई, हा ट्रक याआधी एकदा फुटला होता ना?"

माझे हात थांबले. "हो साहेब."

"मला दुसऱ्याच ओळीत आठवलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सोळा पानं कमी पडत होती." खिडकीतून त्यांचा बंगला दिसत होता, दारात बाईसाहेब वाळवणाचे पापड उचलत होत्या. "अंक बंद पडला की हे घरही सोडावं लागेल. तुम्ही का बोलला नाहीत ते विचारत नाही."

त्यांनी लेखावर शिसपेन्सिलीने 'पहिलं पान' लिहिलं. अंक निघाला, सगळीकडे गेला. हा लेख आधी वाचल्याचं एकाही वर्गणीदाराने कळवलं नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी त्या स्टुलावर बसले. डॉक्टरांच्या लेखात मी तीन ठिकाणी अडायचे, बैठकीला कुणी मोठा पाहुणा असला तर पाच. संपादक स्वतःचं काही वाचायचे तेव्हा मात्र विचारायचे नाहीत. शेवटची ओळ संपली की कागद उलटा ठेवायचे, आणि मी चहा टाकायला आत जायचे.