नऊ नंबरचा थांबा

तेहतीस वर्षं टपाल वाटूनही व्हर्लीन टॉल्बर्टने कुणाचं पत्र कधी आतून वाचलं नव्हतं. बाहेरून मात्र एकही सोडलं नव्हतं. ती ड्रायव्हरच्या शेजारच्या, उजवीकडच्या सीटवर बसायची, डावा हात नि डावा पाय लांब करून गाडी हाकायची आणि उजव्या हाताने रस्त्याकडेच्या पेट्यांत पत्रं टाकत जायची. खिशात कुत्र्यांसाठी बिस्किटं. सहा नंबरच्या मार्गावर टपाल वाटणारी ती पहिली काळी बाई. सुरुवातीला काही घरांनी पेटीचं तोंड फिरवून ठेवलं होतं. व्हर्लीन गाडीतून उतरायची, पेटी सरळ करायची, पत्र टाकायची आणि पुढे जायची. अशी तिने चार महिने रोज पेटी सरळ केली. शेवटी घरमालकच दमले.

आता एकाहत्तराव्या वर्षी ती टपालात नव्हती, पण रोज सकाळी नऊला काउंटीच्या वाचनालयात मागच्या खोलीत हजर असायची. गेले तीन आठवडे. तिथे न्यायाधीश लिअँडर हारग्रोव्हचे कागद चौदा खोक्यांत भरून ठेवलेले होते. हा माणूस आधी वकील, मग न्यायाधीश, आणि मरून शंभरावर वर्षं झालेली. त्याच्या पणतीने माळा रिकामा करताना सगळं वाचनालयाला देऊन टाकलं होतं.

व्हर्लीनला त्यातला एकच कागद हवा होता, आणि तो गुरुवारच्या आत हवा होता.

माउंट ऑलिव्ह चर्चच्या मागची दफनभूमी कुणाची, याचा निकाल गुरुवारी कोर्टात लागायचा होता. भोवतालचं पाइनचं रान एका लाकूड कंपनीने घेतलं होतं. मोजणीवाले आले आणि थेट कबरींच्या मधल्या झाडांना केशरी फिती बांधून गेले. चर्चची माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली होती, की गुलामी संपल्यावर, १८७१ साली, हारग्रोव्ह वकिलाने ही जमीन चर्चच्या काळ्या लोकांच्या नावे करून दिली. पण खरेदीखताची वही १८८९ साली जुन्या कोर्टाबरोबर जळाली होती. कंपनीचा वकील म्हणाला, "आठवणी कोर्टात चालत नाहीत, बाई. कागद आणा."

त्या दफनभूमीत व्हर्लीनचा नवरा रूफस होता. आणि त्याच्या शेजारी सहा फूट मोकळी जागा होती, ती तिची.

"मिस व्हर्लीन, मी तुम्हाला दहा वेळा सांगितलं," कॉल्बी म्हणाला. कॉल्बी नेस्मिथ हा वाचनालयाचा कागदपत्रांचा माणूस. तिशीतला, गोरा, हातात कायम पांढरे मोजे. "१८७१ सालचा प्रत्येक कागद आपण पाहिला. धंद्याचे वेगळे, घरगुती वेगळे, सगळे तारखेने लावलेत. दीड वर्ष घालवलंय मी."

"दीड वर्षात लग्न करून दोन पोरं झाली असती तुला."

"आईसुद्धा हेच म्हणते."

"शहाणी आहे तुझी आई. बरं, तिसरं खोकं दे."

तिसऱ्या खोक्यात १८५९ सालची एक यादी होती. हारग्रोव्हच्या घरातल्या वस्तूंची. कपाट, आरसा, दोन खेचरं, आणि त्याच ओळीत पुढे: डायसी, वय एकोणीस. डायसी ही व्हर्लीनच्या आजोबांची आई; टॉल्बर्ट हे व्हर्लीनचं माहेरचंच आडनाव, लग्नानंतरही तिने ते ठेवलं होतं. पहिल्या दिवशी ती यादी हातात आली तेव्हा व्हर्लीन बाहेर जाऊन गाडीत बसून राहिली होती. अर्ध्या तासाने परत आली आणि म्हणाली होती, "चल, पुढचा कागद."

आज मंगळवार होता. तिने यादी उचलली आणि वाचायचा कंटाळा आला म्हणून नुसती उलटी केली. मागे तीन घड्यांच्या खुणा होत्या, आणि वरच्या घडीवर शिसपेन्सिलीने बारीक आकडा होता: १.

"हे काय रे?"

"जुने खोक्यांचे नंबर असतील. बऱ्याच कागदांवर आहेत. त्यांचा काही मेळ लागत नाही."

व्हर्लीनने दुसरा कागद उलटा केला. ४. तिसरा, ७. त्यावर लिहिलं होतं, 'पिकेटचा उतार'. चौथा, ८, 'मेथडिस्ट चर्च'.

"कॉल्बी! पिकेटच्या उतारानंतर काय लागतं?"

"म्हणजे?"

"अरे, तिथनं गाडी पुढे काढली तर काय लागतं? मेथडिस्ट चर्च! आणि त्याच्यापुढे स्वीटगमच्या मोठ्या झाडाचा तिठा! हा माझा मार्ग आहे, सहा नंबर! तेहतीस वर्षं डोळे मिटून फिरलेय मी यावर!"

तिने ७ आणि ८ चे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"घोड्यावरून फिरायचा ना हा हारग्रोव्ह? गावोगाव कोर्ट भरायचं तिथे?"

"हो, वर्षातून दोनदा."

"मग खोगिराच्या पिशवीत कागद कसे ठेवेल? तारखेने? अरे, पुढच्या थांब्याला लागणारे कागद वरती नकोत? आम्हीही टपाल नावाच्या क्रमाने लावत नाही, रस्त्याच्या क्रमाने लावतो. हे थांबे आहेत, पोरा! एक म्हणजे त्याचं घर. नऊ म्हणजे स्वीटगमचा तिठा. आणि आमचं चर्च कुठे आहे?"

"स्वीटगमच्या तिठ्यावर," कॉल्बी हळूच म्हणाला आणि खुर्चीवरून उठला. "अरे देवा. मी सगळे विस्कटून ठेवले."

"रडू नको. नऊ नंबरचे काढ."

मग जी धावपळ झाली! चौदाच्या चौदा खोकी टेबलावर आली. कॉल्बी वाचून बघायला लागला की व्हर्लीन ओरडायची, "आत नको वाचूस, बाहेर बघ!" दुपारपर्यंत नऊ आकड्याचे दहा कागद सापडले. कुंपणाचं भांडण, एका विधवेचं मृत्युपत्र, हरवलेल्या घोडीची तक्रार. चर्चचं नावही नाही.

"संपलं," कॉल्बी म्हणाला. "घरगुती पत्रं तेवढी राहिली. ती सगळी त्याच्या बायकोची आहेत. अंजिरांच्या मुरंब्याबद्दल."

"त्यांची मागची बाजू दाखव."

"दिसणार नाही. पारदर्शक पिशव्या कमी होत्या, म्हणून मी एका पिशवीत दोन पत्रं घातलीत. पाठीला पाठ लावून."

व्हर्लीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. कॉल्बी लाल झाला. मग एकेका पिशवीतून पत्रं काढायला लागला.

सतराव्या पिशवीतलं मुरंब्याचं पत्र त्याने उलटवलं. यादवी युद्धानंतर कागद मिळत नव्हता, म्हणून हारग्रोव्हने बायकोच्या पत्राची कोरी पाठ वापरली होती. वरच्या घडीवर नऊ. खाली दाट, तिरकं अक्षर.

"वाच!" व्हर्लीन म्हणाली. "आता आतून वाच!"

"'अस्सल खताची खरी नक्कल,'" कॉल्बी वाचू लागला. "'ओढ्यापासून मोठ्या स्वीटगमपर्यंत दोन एकर... चर्च आणि दफनभूमीसाठी, कायमचे... नोंद वही ड, पान २१२.' कारकुनाची सही आहे, मिस व्हर्लीन! आणि विश्वस्त, पाच जण. चौघांच्या सह्या. पाचव्याची फुली. 'डायसी टॉल्बर्ट, तिची खूण.'"

व्हर्लीनने हात मोज्यात घातला आणि त्या फुलीच्या शेजारी बोट ठेवलं. फुलीवर नाही, शेजारी. मग तिने इतक्या जोरात आरोळी ठोकली, की पुढच्या दालनात लहान मुलांना गोष्ट सांगणारी बाई धावत आली.

"काय झालं? कुणी पडलं का?"

"पडलं नाही, बाई, उठलं!" व्हर्लीन म्हणाली आणि कॉल्बीला मिठी मारली.

गुरुवारी कोर्ट गच्च भरलं. कंपनीचा वकील म्हणाला, नक्कल म्हणजे अस्सल नव्हे. न्यायाधीश बाईंनी कागद दिव्यासमोर धरला, दोन्ही बाजू पाहिल्या, आणि विचारलं, "हे सापडलं कसं?"

कॉल्बीने व्हर्लीनकडे बोट दाखवलं. व्हर्लीन उभी राहिली आणि तिने न्यायाधीशांना आपला सहा नंबरचा मार्ग सांगितला, पिकेटच्या उतारापासून तिठ्यापर्यंत, थांब्यामागून थांबा. कागदावरचे आकडे तिच्यामागोमाग एकेक जुळत गेले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, वही जळाली असली तरी वहीचं पान या कारकुनाच्या सहीत जिवंत आहे, आणि दीडशे वर्षांच्या कबरी त्याला साक्ष आहेत. दफनभूमी चर्चची.

शनिवारी सगळे कबरी साफ करायला जमले. कुणी तळलेली कोंबडी आणली, कुणी उकडलेल्या शेंगा. चर्चचे कारभारी होझीया ब्रायंट केशरी फिती सोडवत होते आणि प्रत्येक फितीला "आमेन" म्हणत होते.

"सिस्टर टॉल्बर्ट, जेवायला या!"

"आले, आले."

व्हर्लीन रूफसच्या कबरीपाशी वाकली. शेजारच्या मोकळ्या जागेतलं गवत उपटून तिने हात झटकले.

"ऐकलंस का," ती त्याला म्हणाली, "जागा पक्की झाली. पण मी एवढ्यात येत नाही. हारग्रोव्हची चौदा खोकी पुन्हा रस्त्याने लावायची आहेत, आणि त्या पोराला एकट्याला जमणार नाही."