डबा परत करायची खेप

आवडतं शहर कोणतं, असं कुणी विचारलं की लोक उदयपूर सांगतात, म्हैसूर सांगतात, फार झालं तर सिंगापूर सांगतात. मी पिंपरी-चिंचवड सांगते. समोरच्याला वाटतं, वाक्य अजून संपायचंय. "म्हणजे पुणे म्हणायचंय का तुम्हाला?" नाही हो, पुणे नाही. पुण्याला नावं ठेवायची माझी टाप नाही, पण मला पिंपरी-चिंचवडच म्हणायचंय.

कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत मी मालाची तपासणी बघते. आमच्याकडे गिअरबॉक्सची बिडाची (ओतीव लोखंडाची) कव्हरं ओततात आणि ती चाकणच्या एका कंपनीत जातात. माल पोचला की त्यांच्या माणसांबरोबर उभं राहून तो तपासून द्यायचा, ही माझी खेप. गेली कित्येक वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी ही खेप चालू आहे. बाकीचे इंजिनिअर ती टाळायला बघतात आणि मी हात वर करून मागून घेते.

या वेळी मात्र निघताना तो उत्साह नव्हता. मालकांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं होतं, "शोभाताई, हा लॉट पास झाला की आपला माल तिथं न तपासता थेट जोडणीच्या लायनीवर जाणार. तुमची दगदग संपली बघा." आणि नापास झाला तर? "मग कामच दुसऱ्याला. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर त्यांनी नमुने बघितलेत, लक्षण काही बरं नाही म्हणतायत." म्हणजे पास झालं तरी खेप बंद, नापास झालं तरी खेप बंद. इकडे आड, तिकडे विहीर. मालकांना वाटलं मला मालाची काळजी लागलीय. ती काळजी होतीच, पण ती एकटी नव्हती.

गुरुवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर पिंपरीच्या वल्लभनगर स्टँडची गाडी पकडली. पिशवीत कपड्यांच्या वर एक स्टीलचा डबा होता, झाकणाला थोडा पोचा आलेला. त्यात घरचा कांदा-लसूण मसाला गच्च भरला होता. हा डबा माझा नाही, तिथल्या आकुर्डीच्या सुमनताईंचा. पहिल्यांदा गेले तेव्हा हॉटेलच्या खोलीला कुबट वास येत होता आणि शेजारी लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. कंपनीतल्या कुणीतरी सांगितलं, आकुर्डीत एक बाई नोकरीवाल्या बायकांना खोली देतात. निघताना त्यांनी या डब्यात शेंगाचटणी भरून दिली. रिकामा डबा परत करायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून पुढच्या खेपेला मी मसाला भरून नेला. त्यांनाही रिकामा ठेवून घेववेना. तेव्हापासून हा डबा माझ्याइतकाच एसटीनं फिरलाय. या वेळी मनाशी ठरवलं होतं, की डबा द्यायचा आणि ठेवूनच यायचा. कुणाचं भांडं आपल्याकडे अडकून राहायला नको.

वल्लभनगरला उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बाहेर पडल्यावर वर मेट्रो, खाली बीआरटी (बससाठी राखलेला मधला रस्ता), आणि दोन्हींच्या मधून वाट काढणारे रिक्षावाले. मला हे सगळं बघून हायसं वाटतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, तुला डॉक्टरला दाखवू या.

या भागात रविवार गुरुवारी येतो, हे आधी सांगायला हवं. इथल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी पिंपरी कॅम्पात (फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची जुनी बाजारपेठ) पाय ठेवायला जागा नसते. शिफ्टची घाई नसलेली माणसं, अंगावर इस्त्रीचे कपडे, बायकोला चप्पल दाखवताहेत, पोराला फुगा घेऊन देताहेत. बीडचा माणूस सिंधी दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करतो आणि दुकानदार त्याला अस्खलित मराठीत उत्तर देतो. मी दाल पकवान (मैद्याची कडक तळलेली पुरी आणि तिच्यावर हरभऱ्याची डाळ) मागितलं.

"ते सकाळीच संपतं ताई," दुकानदार म्हणाला. "मागच्या वेळी पण तुम्ही संध्याकाळीच आला होता."

त्यानं ओळखलं याचाच मला एवढा आनंद झाला, की समोसा खाऊन पोट भरलं.

आकुर्डीला पोचले तर सुमनताई दारातच. साठी ओलांडलेली, ठेंगणी, आवाज मात्र दोन मजले ऐकू जाईल असा. मूळच्या सोलापूरकडच्या. यजमान कारखान्यातून रिटायर झालेले, दिवसभर पेपर आणि क्रिकेट. हॉलमध्ये बुद्धांची तसबीर आणि तिला ताजी फुलं. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्याला अजून आठवडाही झाला नव्हता.

"उशीर केलास गं. विहारातून आले त्या दिवशी खीर केली होती, तुझी वाटी दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवली. शेवटी यांनी संपवली."

"खराब होत होती," आतून यजमान म्हणाले.

मी डबा पुढं केला. आणि म्हटलं, "ताई, आता हा तुमच्याकडंच राहू दे. ही माझी शेवटची खेप." सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मसाला बरणीत ओतला, डबा घासून पालथा घातला आणि म्हणाल्या, "हातपाय धू. भाकरी गार होतीय." एवढंच! मला जरा वाईट वाटलं. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यावर निदान एखादा उसासा तरी टाकायचा.

सकाळी भोसरीला आले तर चाकणची बस दारापर्यंत लोंबकळलेली. शेअर रिक्षा मिळाली. चालवणारे बाबा पांढरी टोपी, मिशा, मोशीचे जुने रहिवासी.

"बाबा, चाकण किती लांब?"

"लांब न्हाई वो, जवळच हाय. पन तुमी अंतर इचारताय का टाइम?"

"टाइम."

"त्यो न्हाई सांगायचा. आमी नातवाच्या साखरपुड्याला निघालो व्हतो, जेवनं झाल्यावर पोचलो." मागं बसलेली तीन पोरं फिदीफिदी हसली. इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि खरंच गाडी थांबली. पुढं ट्रेलर, त्याच्यावर नव्या कोऱ्या गाड्या, त्याच्यापुढं कांद्याचा टेम्पो. बाबांनी इंजिन बंद केलं, तंबाखू मळली, शेजारच्या रिक्षावाल्याला अर्धी दिली. कुणी हॉर्न वाजवला की म्हणायचे, "वाजव बाबा, उडून जातील गाड्या." मला घाई असूनही हसू आवरेना. कंपनीच्या गेटवर पोचले तेव्हा घाम निथळत होता.

तपासणी विभागात वैशाली होती. लातूरची पोरगी, भोसरीत खोली घेऊन राहते, कामाला चोख. आमचं जमतं. पण त्या दिवशी तिचा चेहरा पडलेला.

"मॅडम, लई वाईट वाटायलंय. तुमचे सगळे नमुने नापास येताहेत."

"सगळे?"

"सगळे. एका अंगानं वर उचललेले. आज साहेबांना रिपोर्ट द्यायचाय."

खेप जायची ती जावो, पण अशी? आमच्या भट्टीपुढं उभी राहून धगीत भाजलेली माणसं डोळ्यांपुढं आली. त्यांना काय सांगू?

आमचं कव्हर तपासायला एक जिग असतो. जिग म्हणजे वस्तू ठरलेल्या जागी नीट बसावी म्हणून केलेला लोखंडी पाट म्हणा. त्याला तीन बटणं, त्या तिन्हींवर कव्हर टेकतं, मग वरून मापं घ्यायची. केसाएवढा फरकही तिथं चालत नाही. वैशालीनं माझ्यासमोर एक कव्हर ठेवलं, नापास. दुसरं ठेवलं, नापास. तिसरंही, त्याच बाजूनं, तेवढंच.

आणि मला खटकलं. बिडाचा माल माणसासारखाच असतो, प्रत्येकाचा दोष वेगळा. सगळेच एकसारखे वाकडे, असं होतंच नाही. सगळ्या पाहुण्यांना पंगतीत एकच बाजू उंच लागत असेल तर पाट बघायचा.

कव्हर उचललं, वाकून बटणं पाहिली. तिन्ही तांबडट. आमच्या मालाला बाहेरून तांबडा ऑक्साइड रंग देतात, त्याचे डाग जिगला कायमच असतात. म्हणूनच कुणी लक्ष दिलं नसणार. पण एक बटण जरा जास्तच तांबडं दिसलं. रुमालाचं टोक ओलं करून चोळलं. आधी लाल आलं, आणि खालून पिवळं.

ऑक्साइडच्या खाली पिवळं कशाला येईल?

"वैशाली," मी म्हटलं, "खंडेनवमीला पूजा कुणी केली गं इथं?"

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या हत्यारांची, मशीनची पूजा होते. झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. या बाईनं भक्तिभावानं जिगलाही हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं, ते नेमकं बटणावर. मग सुट्टी झाली, कुंकू तेलात मुरून गच्च बसलं, आणि त्याच्यावर आमचा माल येऊन टेकला.

"आई गं! मीच लावलं की मॅडम. कामून सुचलं मला?"

"अगं, आमच्याकडं एका पोरानं वजनकाट्यावर नारळ फोडलाय. तू बरी."

बटण रॉकेलनं पुसलं. पहिलं कव्हर ठेवलं, पास. दुसरं पास. एकामागून एक सगळी पास होत गेली आणि मी तिथंच स्टुलावर बसले. इतका आनंद झाला, की वैशालीच्या पाठीत जोरात थाप मारली. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

रिपोर्टात कारण काय लिहायचं, यावर आमची बराच वेळ खलबतं झाली. शेवटी तिनं लिहिलं, 'जिगवर फॉरेन मटेरियल', म्हणजे परका पदार्थ. कुंकवाला फॉरेन! पण दुसरा शब्द त्या चौकटीत बसेना.

मग चहा पिताना मी तिला सांगून बसले, की आता मी येणार नाही. तिनं पेन उचललं. "मॅडम, एक करू का? उपाय म्हणून लिहिते, जिगची तपासणी सप्लायरच्या माणसानं दर महिन्याला येऊन करावी. कुणी काही म्हणणार नाही. तुमचं येणं चालू राहील."

खरं सांगते, तोंडाला पाणी सुटलं. गुरुवारचा कॅम्प दिसला, मोशीचे बाबा दिसले, आकुर्डीची खोली दिसली. एक ओळ, आणि सगळं जागच्या जागी राहणार होतं. पण त्या ओळीचा अर्थ एकच निघाला असता, की कोल्हापूरच्या मालाला राखण लागते. आमच्या मालाला राखण लागत नाही.

"नको गं," मी म्हटलं. "माल चांगला आहे. चांगला आहे एवढंच लिही. जिग तुमचा, तो तुम्हीच बघा."

"मग तुम्ही?"

"मी घरी."

तिनं लिहिलं, सही केली. बाहेर पडल्यावर मात्र मला माझाच राग आला. एवढं काम फत्ते झालेलं, पेढे वाटायचे तर ही बया रस्त्यात डोळे पुसतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगडीच्या दुर्गा टेकडीवर फिरून आले. वर झाडी, चालणाऱ्या बायका, हास्यक्लबचा गडगडाट, आणि खाली लांबपर्यंत पत्र्याची छपरं, इमारती, पाण्याच्या टाक्या. सुमनताईंना आदल्या संध्याकाळीच कुंकवाचा किस्सा सांगितला होता, तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. निघताना मी वाकले तर खांदे धरून म्हणाल्या, "नीट जा. पोचलीस की फोन कर." बस्स. बाई डोळ्यांत पाणी आणायला तयार नाहीत! दाल पकवान त्या सकाळी मिळालं, ते तेवढं बरं झालं.

कोल्हापुरात घरी पोचून पिशवी उपसली. कपड्यांच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेला, झाकणाला पोचा आलेला डबा. उघडला तर शेंगाचटणी, वरपर्यंत दाबून भरलेली.

लगेच फोन लावला. "ताई, डबा तुमच्याकडं ठेवायचं ठरलं होतं ना?"

"तू ठरवलं होतंस. मी कुठं काय म्हटलं?" पलीकडून तोच दोन मजली आवाज. "कामाला बोलावणारी तुझी कंपनी असंल. मी काय कंपनी आहे का? आणि ऐक, या वेळी मसाला जरा कमी तिखट आण, यांना सोसत नाही."

नवऱ्यानं चटणी चाखली आणि सरळ बुद्धीनं म्हणाला, "डबा कुरिअरनं पाठवून टाक की."

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस आहे, त्याला तेवढं पुरलं.

मग कॅलेंडर काढलं आणि गुरुवार कुठले कुठले रिकामे आहेत ते बघत बसले.