घड्याळकाकांच्या निरोपाची वादसभा

देशभरातल्या विद्यापीठांमधली पोरं जिथे येऊन एकमेकांच्या मतांची चिरफाड करायची, त्या वादविवाद मंडळाचं कार्यालय म्हणजे सभागृहामागच्या दोन खोल्या. एका खोलीत ढाली, फलक आणि पाय मोडलेल्या खुर्च्या. दुसरीत घड्याळकाका. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं असतं तर मंडळाच्या अध्यक्षांनासुद्धा डोकं खाजवावं लागलं असतं. कागदोपत्री ते कार्यालयीन सहायक. पण स्पर्धेच्या दिवसांत व्यासपीठाच्या कडेला टेबल टाकून, हातात थांबघड्याळ आणि पुढ्यात घंटा घेऊन ते बसले, की भल्याभल्यांची बोबडी वळायची.

वेळ संपली की घंटा, आणि घंटा झाली की तोंड बंद. त्यात दयामाया नाही. समारोपाला आलेल्या एका मंत्र्यांनाही त्यांनी भर वाक्यात घंटा मारून बसवलं होतं. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगायचे. दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगायचं नाही. दूरवरून आलेला एक तोतरा मुलगा शेवटच्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर अडला होता. अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. ओठ थरथरत होते, शब्द अगदी जिभेवर आला होता, आणि काकांनी घंटा मारली. तो मुलगा पुन्हा कधी कुठल्या स्पर्धेत दिसला नाही.

"एक शब्द बोलू दिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?" काकूंनी घरी विचारलं होतं.

"समोरच्या पक्षावर अन्याय झाला असता," काका म्हणाले आणि जेवायला बसले.

घर म्हणजे कार्यालयाला लागूनच असलेली मंडळाची खोली आणि तिच्यामागचं अंधारं स्वयंपाकघर. नोकरी तोवर खोली. काकांना मूलबाळ नव्हतं. काकूंच्या भावाची मुलगी शिकायला आली ती त्यांच्याकडेच राहिली आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकून झोपू लागली. वादाची बाराखडी तिला काकांनीच शिकवली. भाजी चिरताना ते तिला एखाद्या बाजूने बोलायला लावायचे आणि तिने ती बाजू जिंकली की लगेच उलटी बाजू घ्यायला लावायचे. "तुला काय वाटतं ते घरी ठेवून यायचं. बोलायला उभं राहिल्यावर फक्त मुद्दा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरगी हुशार निघाली. यंदा राष्ट्रीय संघात तिची निवड होणार अशी हवा होती.

आणि यंदाच काकांचं निवृत्तीचं वय झालं. जायचं कुठे, हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायचं टाळलं होतं. गावच्या घरात भाऊ आणि पुतणे दाटीवाटीने राहत होते, तिथे यांना कोण विचारतंय? शेवटी मन घट्ट करून काका अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष पेशाने वकील, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. काकांनी एक वर्षाची मुदतवाढ मागितली. आयुष्यात त्यांनी कुणाकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती आणि मागताना त्यांचे कान तापले.

वकीलसाहेब हसले. "आधी निरोपाची सभा तर होऊ द्या. तिचा निकाल तोच मंडळाचा निकाल. झालं?"

निरोपाची सभा ही मंडळाची जुनी गंमत. कुणी निवृत्त व्हायचा झाला की ठराव मांडायचा : 'हे सभागृह यांना जाऊ देणार नाही.' एकाने बाजूने बोलायचं, एकाने विरोधात. कुणी कुठली बाजू घ्यायची ते नाणेफेकीवर. आणि परीक्षक कोण, तर जो निघाला तोच. आजवर प्रत्येकाने पोट धरून हसावं आणि ठराव मंजूर म्हणावं, असंच चालत आलेलं. म्हणजे वकीलसाहेबांनी वर्ष देऊनच टाकलं होतं, फक्त थोडं मिरवत दिलं होतं. काकूंना ते बरोबर कळलं. बांधायला काढलेली भांडी त्यांनी पुन्हा फळीवर लावली.

यंदाच्या दोन वक्त्यांत भाची होती आणि नाणेफेकीत विरोधाची बाजू तिच्याकडे आली. ती पडलेल्या चेहऱ्याने घरी आली.

"काका, मी नाव मागे घेऊ का? तुमच्या विरोधात कसं बोलू?"

"बाजू सोडतेस? मग मी तुला इतकी वर्षं काय शिकवलं?" काका कडाडले. "नीट बोल. मला लाज आणू नकोस."

सभेला सभागृह भरलं होतं. काकू पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. बाजूने बोलायला आलेला मुलगा गेल्या वर्षीचा विजेता. त्याने नुसता गूळ वाटला. काका म्हणजे मंडळाचा आत्मा, काका म्हणजे वडाची सावली. टाळ्या पडल्या. काकांच्या कपाळावर मात्र आठी चढली. एक मुद्दा नाही, एक पुरावा नाही, इतक्या वर्षांत हा काय शिकला?

भाची उठली. सुरुवातीला आवाज हलत होता, मग स्थिर झाला.

"एका मुलाला इथे एक शब्द पुरा करायचा होता. त्याला तो करू दिला गेला नाही, कारण वेळ म्हणजे वेळ. आज तोच नियम लावणारा माणूस स्वतःसाठी वर्ष मागतोय. नियम कुणासाठी असतो, आदरणीय परीक्षक?"

सभागृहात कुणी हसलं, मग ते हसू विरलं.

"दुसरं. परीक्षकांना थांबघड्याळावरचे आकडे आता दिसत नाहीत. ते मनात मोजतात आणि अंदाजाने घंटा मारतात. मी त्यांच्या घरात राहते. हे त्यांनी फक्त मला सांगितलंय."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. काकांची नजर टेबलावर होती.

"राहिला प्रश्न खोलीचा," भाची म्हणाली आणि थांबली. तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. "त्यांना जायला जागा नाही, हे खरं आहे. पण दया हा मुद्दा होत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं."

ती बसली. पोरांनी बाकं बडवून सभागृह डोक्यावर घेतलं.

काका निकालाला उभे राहिले. दोन शब्दांचं काम होतं. ठराव मंजूर म्हणायचं, की खोली राहिली, भांडी फळीवर राहिली, बायकोचं म्हातारपण राहिलं. त्यांना हे सगळं कळत होतं. त्यांना रडूही येत होतं. पण समोर बसलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं कोण जिंकलं, आणि काकांनाही ते ठाऊक आहे हे त्या पोरांना ठाऊक होतं.

"ठराव नामंजूर," काका म्हणाले.

वकीलसाहेब गडबडीने उठले. "काका, गंमत आहे हो ही! पुन्हा एकदा विचार करा."

"परीक्षक विचार आधी करतो, निकाल मग देतो."

वकीलसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पोरं बघत होती. "बरं," ते म्हणाले, "मग मंडळ या निकालाला बांधील आहे." आणि त्यांनी हार मागवला.

सगळे पांगल्यावर काकू व्यासपीठाजवळ आल्या. "जिंकलात ना? आता झोपायचं कुठे तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. काकांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

भाची कोपऱ्यात उभी होती. प्रत्येक फेरीनंतर वक्त्याने परीक्षकाकडे जाऊन आपल्या चुका विचारायच्या असतात. तिने रीत मोडली नाही.

"काका, माझं कुठे कमी पडलं?"

"खोलीच्या मुद्द्यावर थांबलीस. आत्याकडे बघितलंस. कशाला?"

तिने टिपणाची वही उघडली.

"तिथे तुझी पकड सुटली. समोरचा कच्चा होता म्हणून निभावलं. मी तेवढे गुण कापलेत."

भाचीने डोळे पुसले आणि मान हलवली. "पुढच्या वेळी नाही थांबणार," ती म्हणाली, आणि आत्याच्या समोरून, तिच्याकडे न बघता, बाहेर पडली.