इराणी पंच आणि आमची कबड्डी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळातून त्या इराणी पंचांचं काम गेलं ते अमेरिकेच्या कायद्यामुळे नाही, माझ्या थापेमुळे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात मंडळाने कबड्डीची स्पर्धा काढली. पंच म्हणून हे गृहस्थ मिळाले. आशियाभर सामन्यांना पंच म्हणून उभा राहिलेला माणूस. पण अमेरिकेने इराणवर घातलेल्या निर्बंधांमुळे त्यांचं मानधन परदेशी बँकांत अडकायचं, दौरे रद्द व्हायचे. शेवटी कंटाळून ग्रीन कार्डावर मुलीकडे राहायला आलेले. इथे पंच म्हणून उभं राहायचं तर सुरुवात आमच्यापासूनच होती.

आमचे खेळाडू म्हणजे पोट सुटलेले इंजिनिअर. चढाईला जाताना 'कबड्डी कबड्डी' तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे. पहिल्याच शनिवारी पंचांनी अध्यक्षांच्या जावयाला दम तुटला म्हणून बाद दिलं. आमच्याच खेळाचं नाव आम्हाला नीट घेता येत नाही, हे परक्याने भर मैदानात दाखवून दिलं.

लगेच कमिटी बसली.

"कबड्डी आपली आणि शिट्टी इराण्याची?" अध्यक्ष म्हणाले.

"इराण्याने बन-मस्का द्यावा यार, बाद कसला देतो!" खजिनदार खिदळला. मग माझ्याकडे वळला. "तू ऑइलमध्ये आहेस ना? त्या सँक्शन्समध्ये हा माणूस बसतो का, चेक कर की."

बसत नव्हता. इथे कायदेशीर राहणाऱ्याला काम द्यायला आडकाठी नाही, हे ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये स्वच्छ सांगितलं होतं. मी म्हणालो, "बसतो. पैसे दिले तर आपणच अडकू."

"बघा! आपण काय करणार, कायदाच आहे," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळे समोशांवर तुटून पडले. असल्या लोकांनी आपल्याला हुशार म्हणावं म्हणून मी हपापलेलो होतो. म्हणजे त्यांच्याहूनही हलका.

निरोप मीच दिला. त्यांनी वाद घातला नाही. "इथेसुद्धा?" एवढंच विचारलं. जन्मभर निर्बंध सोसलेल्या माणसाला ते लगेच पटलं. पुढे एका शाळेने व्हॉलीबॉलच्या सामन्यांना पंचाचं काम देऊ केलं, तर 'मला परवानगी नाही' म्हणून त्यांनी स्वतःच नकार दिला. त्यांची मुलगी ग्रोसरीच्या दुकानात भेटली तेव्हा हे कळलं. वर तिने माझे आभार मानले. निदान तुम्ही वेळेवर सावध केलंत, म्हणाली. मी मान डोलावली आणि ट्रॉली पुढे ढकलली.

ते अजून तिच्याकडेच राहतात, दिवसभर घरी असतात. कायद्याने तुम्हाला अडवलं नव्हतं, मी खोटं बोललो, हे त्यांना तोंडावर सांगण्याचं देणं मी अजून लागतो.