रंध्याचा तळ

साडूने आणून दिलेल्या, लाकूड तासायच्या रंध्याचा तळ बिडाचा होता, आणि बीड गुळगुळीत करणं हा फिटरकाकांचा हातखंडा. पस्तीस वर्षं कारखान्यात त्यांच्या बोटाने पास म्हटलं की साहेबसुद्धा पुन्हा तपासत नसत. पण गेले दोन महिने बोटांची टोकं बधिर झाली होती. कप किती गरम आहे ते ओठाला लावल्यावर कळायचं. बायकोला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. तिला कळलं तर मागच्या खोलीतल्या या वर्कशॉपला कुलूपच लागलं असतं. म्हणून साडूचं काम त्यांनी मागून घेतलं. तळ जमला की भीती खोटी ठरणार होती.

जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यांनी तेलाचे दोन थेंब टाकले. पातं आवळूनच रंधा घासायचा, नाहीतर नंतर आवळताना तळ वाकतो, हे नवशिक्यांना कुठलं ठाऊक! एकाच दिशेने, जोर न देता ते घासत राहिले. काळा गाळ पुसायचा, बोट फिरवायचं, आणखी बारीक कागद घ्यायचा. दर वेळी बोट सांगायचं, छान आहे. शेवटच्या कागदावर तर बोट असं सरकलं की ते स्वतःशीच हसले. इतकं सरस काम उभ्या आयुष्यात झालं नव्हतं. मग त्यांचं हसू मावळलं. बोटं बधिर असताना, आत्ताच कसं झालं?

बायको हात पुसत दारात आली. त्यांनी रंधा तिच्यापुढे धरला. "बघ, कसा लोण्यासारखा झालाय."

तिने तळावरून बोट फिरवलं आणि मध्येच थांबली. "अहो, इथे ओरखडा लागतोय की."

"काहीतरीच! तुझं नख लागलं असेल."

"डोळे मिटा बरं. मी तुमचं बोट ठेवते."

त्यांनी डोळे मिटले. तिने त्यांचं बोट तळावर मागेपुढे फिरवलं. काहीच लागेना.

"हो गं, आहे खरा," ते म्हणाले. "दोन हात मारले की जाईल."

"ओरखडा पलीकडे आहे," ती म्हणाली. "इथे काहीच नाही. परवा तुम्ही तापलेलं भांडं उघड्या हाताने उचललंत, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

फिटरकाकांनी डोळे उघडलेच नाहीत. तिने त्यांच्या बोटाच्या टोकाला नख लावलं.

"हे तरी कळतंय का?"

आता खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही.

"काय?" त्यांनी विचारलं.